पाच पांडवांची ज्वारी

हर्षाली भांडली असती तर चारुशीलाबाईंना बरं वाटलं असतं. लग्नाला सहा वर्षं झाली, जाई चार वर्षांची झाली, पण सुनेनं कधी उलट उत्तर म्हणून दिलं नाही. सांगितलेलं सगळं करायची, विचारलं तर "हो आई, छान आहे" म्हणायची, आणि मनातलं तेवढं मनात ठेवायची. पीएचडी करणारी सून आणल्याचा डांगोरा सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, सगळ्या लोहाऱ्यात पिटला, तेव्हा चारुशीलाबाईंनीही मान ताठ करून घेतली होती. पण एवढं शिकलेलं माणूस घरात एवढं गप्प असलं, की बाकीच्यांना आपण सारखं काहीतरी चुकतोय असं वाटत राहतं.

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, सकाळी मात्र त्यांना त्या गप्पपणाचा अर्थ लागला. निदान त्यांना तसं वाटलं.

लोहाऱ्यात त्या दिवशी चहाची टपरीसुद्धा उघडी नव्हती. मार्गशीर्ष अमावास्येला सगळं गाव आपापल्या शेतात जाऊन बसतं. मागं राहतात ती कुत्री, आणि तीही दुपारपर्यंत वासावर येतात. तात्यांच्या मळ्यात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, आदल्या दिवशीच उभी केली होती. आत पाच पांडवांचे पाच दगड चुना लावून मांडले होते. तात्या विहिरीवर होते, धाराशिवहून सणाला आलेला मुलगा कैवल्य ट्रॅक्टरवरून आंबिलीचं मडकं उतरवत होता, हर्षाली जाईला हरभरा दाखवायला गेली होती. कोपीत चारुशीलाबाई आणि भूमहून आलेली त्यांची नणंद धुरपदाबाई, दोघीच. कापूर सापडेना म्हणून चारुशीलाबाईंनी कोपऱ्यातली सुनेची पिशवी उघडली आणि तशाच बसून राहिल्या.

"वन्सं, हे बघा."

टॉवेलात गुंडाळलेल्या काचेच्या पाच बरण्या. पाचीत ज्वारी. झाकणांभोवती चिकटपट्टी घट्ट आवळलेली, वर इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं.

"पाच हायत," चारुशीलाबाई म्हणाल्या. "पाच पांडवांची पाच. पोरीनं धाराशिवहून निवडून आणली, आन् एका शब्दानं बोलली न्हाय."

"एवढं आवळून कशाला बांधायचं पर?"

"शिवाशिव व्हऊ नये म्हणून आसंल की."

धुरपदाबाईंच्या सासरी, भूमला, येळवशीचं एवढं कौतुक नसतं. त्यामुळं इथल्या रीतींवर आता त्या बोलत नसत. बाकी सगळ्यावर बोलत. "बघ बया," एवढंच म्हणून त्या बाजरीचे वाफवलेले उंडे मोजायला लागल्या.

चारुशीलाबाईंनी विळ्यानं पट्ट्या कापल्या. एकेका दगडापुढं एकेक बरणी ओतली, पाची ढिगांवर हळदकुंकू वाहिलं, रिकाम्या बरण्या धुऊन उन्हात पालथ्या घातल्या. एवढं मन लावून त्यांनी कित्येक वर्षांत पूजा केली नव्हती. आपण सुनेला ओळखायला उशीर केला, असं त्यांना सारखं वाटत होतं आणि त्याचं वाईट वाटण्यापेक्षा सुखच जास्त होत होतं.

*

डोक्यावर घोंगडं, हातात आंबील, "ओलगे, ओलगे" असा येळवशीचा पुकारा करत बांधाबांधानं फेरी मारून कैवल्य कोपीशी आला तेव्हा त्याला भूक लागली होती. वाकून आत पाहिलं आणि त्याची भूक गेली.

हर्षाली त्याच्या मागंच होती. तिनंही पाहिलं. पाच दगड, पाच ढीग, वर लालपिवळं.

"बघ गं," आई खुलून म्हणाली, "केलं का नीट? तू काय बोलली न्हाईस, पर मला कळलं."

हर्षालीनं एक श्वास घेतला. मग म्हणाली, "हो आई. छान दिसतंय."

कैवल्यला आपली बायको त्या क्षणी जितकी आवडली तितकी लग्नातही आवडली नव्हती. आणि स्वतःची लाजही तितकीच वाटली. कारण हे सगळं त्यानं वेळेवर तोंड उघडलं असतं तर झालंच नसतं.

तो तिला तुरीच्या आडोशाला घेऊन गेला. चारचौघांत ती त्याला अहो म्हणायची, दोघंच असताना कैवल्य.

"दोन महिने गेले होते त्यात, कैवल्य," ती म्हणाली. रडत नव्हती, पण ओठ पांढरे पडले होते. "प्रत्येक बरणीतला ओलावा वेगळा, आणि किती आहे ते मला नेमकं माहीत. आता ती नुसती ज्वारी आहे."

धान्यातला ओलावा अचूक कसा मोजायचा, यावर हर्षालीची पीएचडी होती. तिनं बनवलेलं छोटं यंत्र, वाटीएवढं, आताही ट्रॅक्टरच्या सीटखाली होतं. जर्मनीतल्या एका मापनसंस्थेत दोन वर्षांच्या पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या पगारी संशोधनासाठी, तिची आज दुपारी तीनला ऑनलाइन मुलाखत होती. नाताळच्या सुट्ट्यांआधीचा त्यांचा हा शेवटचा दिवस. तारीख बदलून मिळाली नव्हती. माहीत असलेल्या पाच नमुन्यांवर यंत्र चालवून दाखवा, असं त्यांनी आधीच कळवलेलं. आणि तिकडचा नियम असा, की पीएचडी मिळाल्यावर पाच वर्षांच्या आतच अर्ज करता येतो. तिची पाच वर्षं येत्या मार्चमध्ये संपत होती. म्हणजे हे गेलं की सगळंच गेलं.

"मोबाइल पुढं ढकलता येईल का?" कैवल्य म्हणाला. त्याला म्हणायचं होतं मुलाखत; डोकं चालत नव्हतं त्याचं. मग चाललं, तेही वाकडं. "हे बघ. ढीग अजून वेगवेगळे आहेत. कुंकू झटकू, परत बरण्यांत भरू, पट्ट्या लावू. तुझे जुने आकडे तुला पाठ आहेत. कॅमेऱ्यात त्यांना काय दिसणार आहे?"

ती त्याच्याकडं बघत राहिली. क्षणभर तिच्या चेहऱ्यावरून ते गेलं, हे त्यानं पाहिलं. करावं का, असं तिच्याही मनात येऊन गेलं.

"त्यांना मोजायला माणूस हवंय," ती हळू म्हणाली, "आणि मी पहिल्याच दिवशी खोटं माप दाखवू?"

"मग काय करणार?"

"माहीत नाही. तू आधी आईंना सांग. मला नाही जमणार."

दिवाळीपासून त्यानं हेच वचन तिला तीनतीनदा दिलं होतं.

आई कोपीच्या तोंडाशी पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीचं पातेलं ढवळत होती. तो शेजारी मांडी घालून बसला आणि लहानपणी शाळेतली मारामारी सांगायचा तशा आवाजात सगळं सांगून टाकलं. ती पूजेची ज्वारी नव्हती. आज परीक्षेसारखं काहीतरी आहे. जर्मनी. दोन वर्षं.

चारुशीलाबाईंचा डाव पातेल्यात तसाच उभा राहिला.

"मग मघाशी गप का बसली ती?"

"तुला वाईट वाटंल म्हणून."

"आन् हे मुलाखतीचं? ते बी मला वाईट वाटंल म्हणून?"

"ते मीच सांगणार होतो. दिवाळीत."

"दिवाळी झाली, तुळशीचं लगीन झालं, चंपाषष्ठी झाली." त्या थांबल्या. पुढचं विचारायला त्यांना जड गेलं. "कैवल्या, मी जाऊ देणार न्हाय असं वाटलं व्हय तिला?"

तो गवताची काडी मोडत राहिला.

"बोल की."

"वाटलं."

मागं एकदा दिल्लीच्या संस्थेतून असंच बोलावणं आलं होतं, तेव्हा जाई वर्षाचीही नव्हती. "पोर अंगावर पितंय आन् हिला दिल्ली सुचतीय," असं चारुशीलाबाई स्वयंपाकघरात बोलल्या होत्या. बोलल्या आणि संध्याकाळपर्यंत विसरल्या. सून विसरली नव्हती, एवढंच. आपलं एक वाक्य दुसऱ्याच्या मनात इतकी वर्षं मुक्काम करून राहतं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले. चुलीचा धूर होताच, तेव्हा कुणाला काही सांगावं लागलं नाही.

"किती वाजता हाय म्हणालास?"

*

तीन वाजता हर्षाली कोपीत घोंगड्यावर बसली. पुढं उलट्या पाटीवर लॅपटॉप, शेजारी यंत्र. रेंज यावी म्हणून मोबाइल कोपीच्या शेंड्याला दोरीनं बांधला होता. पडद्यावर तिघं जण होते. मधल्या बाईंचे केस पांढरे आणि आखूड. त्या विभागाच्या प्रमुख होत्या. मागं काचेतून दिसणारं आभाळ राखाडी होतं.

"तुम्ही कुठं आहात?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"शेतात. आज आमच्याकडं सण आहे." आणि मग, पुढचं लांबवलं तर धीर सुटेल म्हणून, हर्षालीनं लगेच सांगून टाकलं. "तुम्ही सांगितलेले पाच नमुने मी तयार केले होते. सकाळी घरच्यांनी ते पूजेसाठी उघडले. चार-पाच तास ते उघड्यावर आहेत. त्यांचा खरा ओलावा आता मला माहीत नाही."

उजवीकडचे गृहस्थ काहीतरी लिहीत होते ते थांबले.

"पूजेसाठी?"

हर्षालीनं लॅपटॉप फिरवून दगडांकडं केला. पाच ढीग, हळदकुंकू, विझत आलेली समई. कुणी हसलं नाही. बाई पुढं वाकून बघत होत्या.

"कुणी उघडले?"

"माझ्या सासूबाईंनी. त्यांना वाटलं, मी देवासाठी आणलेत." हे इंग्रजीत बोलताना तिला एकाएकी भरून आलं. मराठीत आलं नसतं.

बाहेर त्याच वेळी शेजारच्या शेताचे माणिकप्पा जेवायला आले होते. येळवशीला बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही न जेवता सोडत नाहीत, आणि हे तर तीस वर्षांचे शेजारी. रीतीप्रमाणे आधी कोपीत जाऊन पाया पडायला ते वाकले, तर चारुशीलाबाई दारात फतकल मारून बसलेल्या.

"माणिकप्पा, जरा दम काढा. आत पावणे हायत."

"कुठलं?"

"जर्मनीचं."

माणिकप्पांनी बांधावर उभ्या गाड्या शोधल्या, एकही नव्हती. ते तात्यांकडं बघायला लागले. तात्यांना तरी कुठं काय माहीत होतं!

आतून हर्षालीचा आवाज आला, "आई, जरा येता का?"

चारुशीलाबाई पदर सावरून आत गेल्या. पडद्यावरच्या तिघांना त्यांनी आधी नमस्कार केला. मग चूल फुंकून काळे झालेले हात मागं लपवले.

"आई, बरण्या उघडल्या तेव्हा ऊन कुठं होतं? कोपीत आलं होतं का?"

"न्हाय. ऊन दाराशी होतं. ढीग सावलीतच हायत." मग त्या न राहवून म्हणाल्या, "चुकलं गं माझं. त्यांना सांग, हिची काय चूक न्हाय म्हणावं."

"सांगते," हर्षाली म्हणाली, आणि खरंच शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. पांढऱ्या केसांच्या बाईंनी पडद्यातून चारुशीलाबाईंना मान लववली. दोघी साधारण एका वयाच्या असाव्यात.

मग हर्षाली कामाला लागली. वरचे कुंकवाचे दाणे बाजूला सारून तिनं प्रत्येक ढिगाच्या पोटातले दाणे घेतले, यंत्रात घातले, आकडे वाचून दाखवले. सकाळी पाच आकडे एकमेकांपासून लांब होते. आता जवळ सरकले होते. ती बोलत गेली. हवा कोरडी आहे, ढीग लहान आहेत. ओली होती ती सुकत चालली, फार सुकी होती तिनं हवेतली थोडी ओल घेतली. पण पाची ढीग हवेतल्या ओलीच्याच मापाकडं निघालेत, म्हणून ओलीच्या पुढं सुकी जाणार नाही, त्यांचा क्रम तोच राहील. तेव्हा ही सर्वांत ओली, ही तिच्या खालची. सकाळी मी दशांशापर्यंत सांगितलं असतं. आता सांगते तो आकडा दीड टक्क्यानं इकडं किंवा तिकडं असू शकतो. त्याहून जास्त खात्रीनं बोलले, तर ते मोजणं नाही.

आपण केव्हापासून घाबरत नाही आहोत, हे तिच्या नंतर लक्षात आलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, जाई झोपल्यावर, जे काम तिनं एकटीनं केलं होतं त्याबद्दल कुणीतरी पहिल्यांदाच कान देऊन ऐकत होतं.

प्रश्न बरेच आले. शेवटी तिघांनी आवाज बंद करून आपसात बोलणं केलं. चारुशीलाबाई अजून कोपीतच होत्या, उठायचं त्यांना सुचलंच नव्हतं. नुसते हलणारे ओठ बघत सासूसुना शेजारीशेजारी बसल्या होत्या.

"कागदपत्रांना वेळ लागेल," आवाज परत आल्यावर बाई म्हणाल्या, "पण आमचं तिघांचं ठरलंय. नेमके आकडे बहुतेकजण आणतात. आपला आकडा किती कच्चा आहे, हे न विचारता सांगणारं कुणी आज भेटलं नव्हतं. एप्रिलपासून येऊ शकाल? सोमवारपर्यंत कळवा. घरी बोलून घ्या."

"काय म्हणाल्या?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

"घरी बोलून घ्या म्हणाल्या."

*

तात्यांना आपल्याच शेतात सगळं शेवटी कळलं, याचा राग होता. माणिकप्पांसमोर कळलं, याचा जास्त होता. माणिकप्पा बिचारे शहाणे, आंबील पिऊन लगबगीनं निघून गेले.

"मी घरातला थोरला का कोण?" तात्या म्हणाले. "मुलाखत कोपीत, आन् मला कळतंय माणिकप्पाच्या संगं!"

"तात्या, चूक माझी आहे," कैवल्य म्हणाला.

"तुझी हायच. तुझं नंतर बघू." ते हर्षालीकडं वळले आणि आवाज आपोआप खाली आला. सुनेवर त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. "पोरी, तू हुशार हाईस, मला शिकवायचं कारण न्हाय. पर दोन वर्सांनी काय? ही नोकरी पक्की हाय का?"

"नाही तात्या. दोन वर्षंच. पुढं दुसरीकडं शोधावं लागेल."

"म्हंजी पुना हेच." त्यांनी जाईला मांडीवर ओढली. ती उंड्याचा तुकडा चघळत होती. "आन् हिचं काय? हिला परक्या मुलखात कोंडायची, का आईबिगर इथं ठिवायची? तूच सांग, ह्यातलं कोणतं बरं?"

रात्र रात्र जागून हर्षालीनं हाच प्रश्न उलटापालटा केला होता. तिनं जाईच्या केसांतली कडब्याची काडी काढली.

"तात्या खरं बोलतोय," धुरपदाबाईंनी भावाची बाजू घेतली. "पोर न्हानं हाय. म्या तर म्हंते, शिकणं झालं तेवढं झालं. लई झालं."

कैवल्यनं आईकडं पाहिलं. चारुशीलाबाई खरकटी ताटं एकात एक घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"जाईला आईबिगर हितं ठेवायचं न्हाय," त्या म्हणाल्या.

झालं, आता हिचं जाणं राहिलं, असं कैवल्यला वाटलं. हर्षालीनं डोळे मिटले. तात्यांनी मान डोलावली, "बघ, तुझी सासू बी तेच म्हंती."

"मी तसं म्हणलं न्हाय." चारुशीलाबाईंनी ताटं खाली ठेवली. "पोरगी आईसंगं जाईल. आन् मी पोरीसंगं जाईन."

सोलापूरच्या पलीकडं फक्त एकदा, तेही नवसाला, गेलेली बाई हे बोलत होती.

"आई," हर्षाली कशीबशी म्हणाली, "तिथं पाहुण्यांना तीन महिन्यांच्या वर राहू देत नाहीत."

"मग तीन महिने. पोर रुळंपर्यंत. पुढचं कैवल्या बघंल, बाप हाय न त्यो! कालिजात रजा काढ म्हणावं."

"काढतो," कैवल्य इतक्या झटकन बोलला की धुरपदाबाईंनी कपाळाला हात लावला.

"तिथं बर्फ पडतो, आई. भाषा येत नाही. तुम्हाला तिथं एकही माणूस ओळखीचं नसेल."

"तू असशील की." चारुशीलाबाई सुनेसमोर येऊन बसल्या. "त्या दिल्लीच्या वेळंला मी बोलले ते तोंडातून गेलं, मनातून न्हाय. आन् आज मी तुझं दोन महिन्याचं काम मातीत घातलं, तरी तू छान दिसतंय म्हणालीस. असलं छान मला नको गं हर्षाली. रागाव, बोल, भांड. पर लपवू नको. मला लई लागतंय ते."

हर्षालीला बोलायचं होतं, आणि ते नीट आलं नाही. "मला राग आला होता," ती रडत म्हणाली. "फार आला होता, आई. बरण्या धुऊनसुद्धा टाकल्या तुम्ही!"

"व्हय व्हय," चारुशीलाबाई तिला छातीशी धरून म्हणाल्या, "आता बोललीस. बोल अजून."

आई का रडते हे न कळून जाईनंही सूर लावला. मग तिला घ्यायला दोघींचे चार हात एकदम पुढं झाले. तात्यांची मांडी रिकामी झाली. ते बांधाकडं तोंड करून जरा वेळ बसले. घसा खाकरला. कुणी लक्ष दिलं नाही.

"पासपोर्ट का काय म्हंत्यात त्यो कुठं निघतो रे कैवल्या?" चारुशीलाबाईंनी सुनेच्या खांद्यावरून विचारलं.

"बघतो. सोमवारी फॉर्म भरू."

तात्या तसेच पाठमोरे होते. बांधाकडं बघतच म्हणाले, "आमचा दोगांचा एकदम निघतो का, त्ये बी इचार."